शेवटच्या ओळीवरचा हात

सात एप्रिल, सोमवार. आजचं काम: जुन्या सर्व्हरवरच्या बावीस टेबलांच्या व्याख्या पुन्हा काढणे, तपासणे, सही करून नागपूरला पाठवणे. 'पुन्हा' अशासाठी, की शुक्रवारी पाठवलेल्या व्याख्या शनिवारी सगळ्या परत आल्या होत्या. बावीसच्या बावीस व्याख्यांची शेवटची ओळ कुणीतरी कापून टाकली होती.

कुणीतरी म्हणजे भास्करभाऊंनी. कागदाची शेवटची ओळ तळहाताखाली झाकून बाकीचा कागद वाचायला देणारा दुसरा माणूस आमच्या कार्यालयात नाही.

कार्यालय सावली गावात आहे. कुठल्या खात्याचं ते लिहीत नाही. लिहिलं तर त्याचा खुलासाही मलाच लिहावा लागेल. आसपासच्या गावांत जनावरानं माणसावर हल्ला केला की त्याची नोंद आमच्याकडे होते, एवढं पुरे. मी इथली अधीक्षक. भास्कर लहानू रामटेके हे आमचे संगणकवाले, वीस वर्षांपासून कंत्राटी.

टेबल म्हणजे संगणकातली नोंदवही. व्याख्या म्हणजे ती वही कशी आखायची याचा लेखी हुकूम: किती रकाने, कुठल्यात आकडा, कुठल्यात नाव, कुठला रकाना रिकामा सोडलेला चालणार नाही. आमचा डेटाबेस ज्यानं बांधला तो मूळ कागद मागं न ठेवता निघून गेला. आता नवीन सर्व्हर नागपूरला बसतोय. तिथं आधी वह्या तशाच्या तशा आखायच्या, मग नोंदी भरायच्या. मूळ हुकूम हरवलेला, तेव्हा चालू वहीलाच विचारायचं की तुला आखलं कसं. सर्व्हर सांगतो. एक कमांड दिली की अख्खा हुकूम पडद्यावर येतो.

"बांधल्या घरावरून नकाशा काढून राह्यलो, बाई," भास्करभाऊ म्हणतात. मला सगळे मॅडम म्हणतात, हे एकटे बाई म्हणतात. त्यांच्या लेखी टेबल म्हणजे घर आणि रकाना म्हणजे खोली. "आधी खोल्या, मंग माणसं," हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी फॉर्ममधला रकाना कोरा सोडला की ते फॉर्म घेऊन त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहतात. बोलत नाहीत, नुसते उभे राहतात. माणूस शेवटी कंटाळून रकाना भरतो. मग म्हणतात, "खोली खाली ठेवू नाई जी. कोनी बी येऊन बसते."

कोणीही म्हणजे कोण, हे मी तीन वर्षांत विचारलं नाही. कामाच्या वेळात असे प्रश्न विचारले की काम मागं पडतं.

दिसायला ते बारीक, उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेन. बोलणं हळू. सर्व्हरच्या खोलीत शिरताना दारावर दोनदा टकटक करतात. आत माणूस नसतो. आतून उत्तर येईल इतका वेळ थांबतात आणि मग कुलूप उघडतात. नवीन आलेला शिपाई एकदा हे पाहून इतका घाबरला, की त्यानं दुसऱ्याच दिवशी त्या दाराला लिंबू-मिरची बांधली. भास्करभाऊंनी ती कात्रीनं कापली आणि शिपायाला समोर बसवून अर्धा तास समजावलं. "हे अंधश्रद्धा आहे, गड्या. लिंबानं काय होते? शिकलेला मानूस तू." मग उठले, टकटक केली, थांबले आणि आत गेले.

ती खोली व्हरांड्याच्या टोकाला आहे. मागं सागाची रोपवाटिका, तिच्यामागं कुंपण, कुंपणामागं जंगल. एप्रिलात बाहेर अंगाची लाही होत असते आणि आत एसीमुळं हात गार पडतात. सर्व्हरचा पंखा एका लयीत घरघरतो, मध्येच क्षणभर थांबतो, पुन्हा सुरू होतो. झोपलेल्या माणसाचा श्वास अडकावा तसं. मी पंखा बदलायचा प्रस्ताव दोनदा पाठवला. "राहू द्या, बाई," भास्करभाऊ म्हणाले. "त्याची सवय आहे ते."

आणि लाईट गेली की हा शांत माणूस धावत सुटतो. हातातला चहा सांडला तरी चालेल, जेवणाचा डबा उघडा राहिला तरी चालेल. यूपीएसच्या बॅटऱ्यांचं पाणी ते स्वतः विकत आणून घालतात. त्यांच्या मोटरसायकलच्या डिकीत त्या पाण्याची बाटली कायम असते. मला वाटायचं, यंत्राची काळजी. चांगली गोष्ट आहे.

सोमवारी अकरा वाजता मी सर्व्हरच्या खोलीत त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले.

"भाऊ, नागपूरची मुलगी म्हणते, शेवटच्या ओळीत कंस बंद होतो. ती ओळ नाही तर हुकूम अर्धवट. त्यांचं यंत्र घेत नाही."

"हो जी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वीस वर्षं झाली, बाई. मालूम नसन का?"

"मग काऊन कापली?" मी चिडले की माझी बल्लारपूरची बोली बाहेर येते.

"शेवटच्या ओळीत कंसाच्या पुढं अजून एक गोष्ट राह्यते." ते हळू बोलले. "पुढचा नंबर."

हे खरं आहे, मी नंतर ताडून पाहिलं. प्रत्येक नोंदीला सर्व्हर आपणहून अनुक्रमांक देतो, आणि पुढचा द्यायचा क्रमांक कुठला, हेही त्या व्याख्येच्या शेवटच्या ओळीत लिहून देतो. व्याख्येत माणसं नसतात, नुसता सांगाडा असतो. पण तो एक आकडा असतो. जो अजून आलेला नाही, त्याचा.

एकवीस टेबलं सुरळीत झाली. जीपचं लॉगबुक, काठ्या-टॉर्च वाटपाचं रजिस्टर, साप पकडणाऱ्यांची यादी. शेवटची ओळ आली की हात सरसावायचा, मी "भाऊ" म्हणायचे, हात मागं जायचा. बाविसावं टेबल हल्ल्यांच्या नोंदीचं. त्यांनी टकटक केल्यासारखं बोट टेबलावर दोनदा आपटलं, कमांड दिली, आणि पडद्यावर ओळी उमटायच्या आत तळहात खालच्या काठावर ठेवला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नागपूरच्या कंपनीतली तीच मुलगी, पल्लवी; आमच्या नोंदी नव्या सर्व्हरवर हलवण्याचं काम तिच्याकडे आहे.

"मॅडम, एक विचारायचं होतं. हल्ल्यांच्या टेबलात क्रमांक दोन हजारांच्या वर गेलेत. नोंदी मात्र फार थोड्या आहेत. मधले क्रमांक गायब आहेत. म्हणजे तुमच्याकडे नोंदी पुसल्या गेल्यात का?"

"कोण पुसेल?"

"तेच मला अहवालात लिहायचंय. उद्या दुपारपर्यंत कारण द्या, नाहीतर 'नोंदी नष्ट केल्याची शक्यता' असं लिहून वर पाठवावं लागेल. सर्व्हरवर प्रत्येक हालचालीची जुनी नोंद सापडलीय, कधी पुसलेलीच नाही. ती वेगळी काढून संध्याकाळपर्यंत तुम्हाला पाठवते."

जनावरानं मारलेल्या माणसांच्या नोंदी कार्यालयानं पुसल्या. हे वाक्य वर गेलं तर काय होईल हे मला कुणी सांगायला नको. कायम नोकरीतल्या माणसाकडून खुलासा मागतात. कंत्राटी माणसाचं नाव यादीतून कमी करतात. आणि त्या खोलीची किल्ली वीस वर्षं एकाच माणसाकडे आहे.

मी फोन ठेवला. भास्करभाऊंनी सगळं ऐकलं होतं. हात अजून पडद्यावरच होता.

"तुम्ही पुसल्या?"

"हो जी."

"कुणाच्या?"

"कोनाच्याच नाई. ते नंबर मी जाळले."

मग त्यांनी सांगितलं. मी फॉर्म तपासताना जशी बसते तशीच बसून ऐकलं.

सात वर्षांपूर्वी कोणी साहेब तपासणीला आले होते. भास्करभाऊंनी त्यांना टेबलांच्या व्याख्या काढून दाखवल्या, एकेक ओळ मोठ्यानं वाचून. शेवटच्या ओळीत आकडा होता, दोनशे सतरा. हे म्हणजे काय, साहेबांनी विचारलं. भास्करभाऊ हसत म्हणाले होते, "साहेब, हा पुढचा. आता दोनशे सतरावा कोन येते, पाहू." साहेबही हसले.

"तीन दिवसांनी फॉर्म आला. टाइप करायले मीच बसलो. नावाच्या खोलीत सिंधू लहानू रामटेके." ते थांबले. पंखाही थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. "माही मोठी बहीन. मोहाचे फुलं येचाले जंगलात गेल्ती. मायच्या मागं तिनंच मले वाढवलं. माह्या शिक्षनापायी लग्न नाई केलं तिनं. मी तिले बाई म्हनो."

मी खुर्ची त्यांच्या थोडी जवळ ओढली.

"टाइप करून एंटर दाबलं. सर्व्हरनं नंबर देला. दोनशे सतरा. तो तर आधीच देऊन ठेवला होता ना, बाई? मीच वाचून दाखवला होता."

"भाऊ, वाघ व्याख्या वाचत नाही."

"हो जी. मले समजते. मी अंधश्रद्धा मानत नाई." त्यांनी चष्मा पुसला. "पन मोहा येचून झाला का माही माय शेवटची ओंजळ दगडावर ठेवून येत जाय. काऊन म्हनलं तर म्हने, पूर्ण घेऊ नाई, कोनी मागं मोजत असते. मंग मी पन एक ठेवतो. रोज संध्याकाळी तो पुढचा नंबर घेतो, एक खोटी नोंद टाकतो आन् लगेच पुसतो. पुसला तरी सर्व्हर तो नंबर पुन्हा देत नाई. तो नंबर कोनाचाच नाई होत. उद्यासाठी नवीन लागते."

"आणि लाईट?"

"सर्व्हर बंद पडून उठला का जाळलेले नंबर विसरते. शेवटची खरी नोंद पाह्यते अन् तिथून पुढं मोजते. सगळे वापस येऊन उभे राह्यतात, बाई. मंग बसून एकेक पुन्हा जाळा लागते."

म्हणून बॅटरीचं पाणी. म्हणून ती धाव. सात वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी, सगळे गेल्यावर, एका आकड्याची विल्हेवाट लावून घरी जात होता.

मागच्या वर्षी ते टायफॉइडनं आठ दिवस घरी होते. त्या आठवड्यात एक फॉर्म आला होता, मला आठवतं, तो मीच दुसऱ्याकडून टाइप करून घेतला होता. मी तेव्हाही योगायोग म्हटलं असतं आणि आजही म्हणते. ते घरी नसतानाच्या कितीतरी आठवड्यांत काहीच झालं नसेल. योगायोग हा शब्द फार सोयीचा आहे, कुठल्याही फाइलवर चालतो.

"ते नंबर जाळल्यावरही फॉर्म येतातच ना, भाऊ?"

"येतात." त्यांनी मान हलवली. "सगळे कुठी थांबवता येतात? पन त्या दिवशीचा, तो वाट पाहून राह्यलेला, तो तर नाई ना येत."

अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो, करून दाखवावं लागतं. मी त्यांचं मनगट धरलं आणि हात पडद्यावरून बाजूला केला. हात बर्फासारखा होता. मी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. "दोन हजार एकेचाळीस. झालं? वाचला. काय झालं?"

काही झालं नाही. पंखा घरघरला. मग मागं रोपवाटिकेपलीकडं एक वानर खकारलं. वानरं जनावर पाहिल्यावर देतात तो आवाज, कोरडा, खोकल्यासारखा. एकदा. थोडं थांबून पुन्हा. भर दुपारी बारा वाजता.

"कुत्रं दिसलं असेल त्याला," मी म्हटलं.

"हो जी," भास्करभाऊ म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी स्पष्ट सांगितलं की आजपासून हे बंद. तपासणी चालू आहे, त्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही, तुम्ही तर नाहीच. त्यांनी वाद घातला नाही. बाविसावी व्याख्या शेवटच्या ओळीसकट छापली, मला सहीला दिली. पाच वाजता सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. वीस वर्षं त्यांच्याकडे असलेली ती किल्ली मी पहिल्यांदा टेबलावर पडलेली पाहिली.

दारातून वळून म्हणाले, "उद्या बाया मोहाले जातीन, बाई. सीझन आहे. पहाटी निघतात त्या."

"जाऊ द्या."

"हो जी."

माझ्याकडे भांडी घासायला येणारी शेवंताही जाते. तिनं सकाळीच सांगून ठेवलं होतं की उद्या येणार नाही. हे मला तेव्हा आठवलं. एवढंच.

साडेपाचला पल्लवीची फाइल आली. सात वर्षांच्या हालचाली, ओळीवर ओळ. मी चष्मा लावून वाचायला बसले. अधीक्षकाचं काम वाचणं आहे, ते मला येतं.

नोंद टाकली, नोंद पुसली. नोंद टाकली, नोंद पुसली. खोटी नोंद म्हटलं तरी नावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही, व्याख्येतच तसं आहे. मला वाटलं होतं, त्यांनी काहीतरी अबकड टाकलं असेल. नाही. पुसलेल्या प्रत्येक ओळीत एकच नाव होतं. रामटेके भास्कर लहानू.

गाव बरोबर. जनावर: वाघ. वयसुद्धा बरोबर, दरवर्षी जुलैमध्ये एकानं वाढत गेलेलं. रोज संध्याकाळी हा माणूस स्वतःचं नाव त्या वहीत लिहीत होता, मग पुसून मोटरसायकलवर घरी जात होता. ज्या दिवशी लाईट गेली होती त्या दिवशी तर शंभर-शंभर वेळा लिहिलेलं.

शेवटचा रकाना जवळच्या नातेवाईकाचा. तोही सक्तीचा. तिथं सात वर्षं एकच शब्द होता: 'कार्यालय'.

मी फाइल बंद केली, कपाटाला कुलूप लावलं, घरी गेले. भात टाकला. जेवले.

मंगळवारी सकाळी साडेपाचला मी कार्यालयात होते. एवढ्या लवकर आलेलं पाहून पहारेकऱ्यानं विचारलं, काही झालं का मॅडम. नाही, म्हटलं. काम आहे. उजाडत होतं. रस्त्याला चार-पाच बायका टोपल्या घेऊन कुंपणाच्या बाजूनं जाताना दिसल्या होत्या. त्यांत शेवंता होती की नाही ते कळलं नाही.

आधी पल्लवीसाठी खुलासा लिहिला. 'सदर टेबलातील कोणतीही खरी नोंद पुसण्यात आलेली नाही. पुसलेली प्रत्येक नोंद एकाच व्यक्तीच्या नावे असून सदर व्यक्ती जिवंत आहे व रोज दहा वाजता कामावर हजर असते. सात वर्षांचा हजेरीपट सोबत जोडला आहे. सदर प्रकार अधोस्वाक्षरीकर्त्याच्या माहितीत असून जबाबदारी अधोस्वाक्षरीकर्त्याची राहील.' शेवटचं वाक्य पूर्ण खरं नव्हतं. काल दुपारपासून खरं होतं. सही केली, पाठवला.

मग किल्ली घेतली आणि व्हरांड्याच्या टोकाला गेले. दारापाशी पोचल्यावर माझा हात आपोआप वर गेला. टकटक केली. दोनदा. थोडं थांबले. मूर्खपणा आहे हे कळत होतं, पण पहारेकरी दूर होता.

आत गार होतं. हल्ल्यांचं टेबल उघडलं. नवीन नोंद. सर्व्हरनं विचारण्याआधीच आकडा देऊन ठेवला होता, दोन हजार एकेचाळीस. मीच वाचला होता तो. नावाच्या रकान्यात मी माझं नाव टाकलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. वय खरं टाकलं. जनावर: वाघ. नातेवाईकाच्या रकान्यापाशी जरा थांबले. मग तोही भरला. साठवलं, आणि लगेच पुसलं. व्याख्या पुन्हा काढून पाहिली. शेवटच्या ओळीत दोन हजार बेचाळीस होतं. त्यावर हात ठेवून मी पडदा बंद केला.

दहाला पाच मिनिटं कमी असताना भास्करभाऊ आले. शर्ट इस्त्रीचा, डोळे लाल. माझ्या टेबलासमोर येऊन नुसते उभे राहिले.

मी किल्ली त्यांच्याकडे सरकवली. "घ्या. आजचा झाला."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. किल्ली उचलून खिशात टाकली. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि चेहरा एकदम चिंतेचा झाला.

"नातेवाइकाची खोली खाली तर नाई ना ठेवली, बाई?"

"नाही."

"कोनाले टाकलं?"

"तुम्हाला," मी म्हटलं. "आता चहा सांगा."